सूतिकागृहात हॉस्पिस नको म्हणणाऱ्यांना आणि त्यांचं ऐकणाऱ्या नगरपरिषदेला खुलं पत्र

मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक-नगरसेविका, मा. मुख्याधिकारी
आणि सूतिकागृहामागच्या आमच्याच कॉलनीतले सगळे काका-काकू, दादा-वहिनी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सर्वसाधारण सभेत विषय नंबर १४ तुम्ही चार मिनिटांत तहकूब केलात. मी वर गॅलरीत बसले होते आणि घड्याळ बघत होते, पतसंस्थेत कॅशियर आहे त्यामुळे मोजायची सवयच लागलीय. विषय काय तर नगरपरिषदेचं जुनं बंद पडलेलं सूतिकागृह एका ट्रस्टला १२ बेडचं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचं दुखणं कमी करून त्यांची सेवा करायची जागा, चालवायला भाडेपट्ट्याने द्यायचं. प्रशासकांच्या काळात ह्याचा ठराव झाला होता, पाहणी झाली होती, इंजिनियरचा रिपोर्ट आला होता, मग निवडणुका झाल्या, तुम्ही सगळे निवडून आलात (अभिनंदन, माझं पण मत आहे त्यात), आणि पहिल्या काही कामांमध्ये तुम्ही हे काम केलंत की रहिवाशांचं विरोधाचं निवेदन आलंय म्हणून विषय बाजूला. कुणी प्रश्न विचारला नाही. ट्रस्टच्या डॉक्टरबाई खाली दाराशी फाईल घेऊन उभ्या होत्या, त्यांना आत बोलवलं नाही. आणि पुढचाच विषय त्याच जागेवर गाळे काढता येतील का ह्याची चाचपणी, त्याला मात्र वीस मिनिटं.

म्हणून हे पत्र. आधी मुख्याधिकारी साहेबांना अर्ज दिला होता, पोच घेतलीय, उत्तर नाही. आता सगळ्यांनी वाचावं.

माझा ह्यात काय संबंध ते आधी सांगते. माझा मोठा भाऊ एसटीत ड्रायव्हर होता, २४ वर्षं सर्व्हिस, आणि तंबाखू त्याहून जास्त वर्षं. २०२२ ला गालाच्या आतल्या बाजूला जखम झाली, दोन महिने दाढ टोचते म्हणून काढले, मग तपासणी, मग ऑपरेशन, अर्धा जबडा आणि जिभेचा बराच भाग गेला, मग ३० लाइट, म्हणजे रेडिएशन. वर्षभर बरं होतं. मग मानेला गाठ परत आली आणि फुटली. २०२४ च्या फेब्रुवारीत एका मोठ्या हॉस्पिटलने सांगितलं आता घरी न्या, सेवा करा. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, बेस्ट सपोर्टिव्ह केअर, म्हणजे आता आजारावर इलाज नाही, नुसता त्रास कमी करायचा. वहिनीला वाटलं नवीन औषधाचं नाव आहे. ती ते कार्ड घेऊन तीन मेडिकलमध्ये फिरली, तिसऱ्याने हसून परत दिलं. मला अजून ते आठवलं की पोटात कसंतरी होतं.

तर दादा घरी आला. घर म्हणजे आपल्याच कॉलनीत दोन खोल्या, त्यात आई, दादा, वहिनी, भाची, आणि मी येऊन जाऊन. भाची तेव्हा दहावीला. १ मार्चला मराठीचा पेपर.

जखमेबद्दल मी जरा लिहिणार आहे, ज्यांना वाचवत नाही त्यांनी पुढचा पॅरा सोडा. पण कॉलनीतल्यांनी सोडू नये असं मला वाटतं, कारण त्यांनी तो वास घेतलाय.

गालाला आरपार भोक पडलं होतं. दूध पाजलं तर बाहेर यायचं म्हणून नाकातून नळी. जखम सडायला लागली की जो वास येतो त्याला कुठलीच उपमा नाहीये, उदबत्ती लावली की उदबत्तीचा आणि त्याचा मिळून तिसराच वास तयार होतो. आम्ही जुनी धोतरं फाडून पट्ट्या करायचो. एका रात्री वहिनीने पट्टी काढली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली, बोलली काहीच नाही, जखमेत अळ्या झाल्या होत्या. आम्ही दोघींनी चिमट्याने काढल्या, रात्री दोन वाजता, टॉर्च तोंडात धरून, आणि दादा जागा होता. सकाळी समोरच्या विंगमधल्या काकूंनी खिडकी लावून घेतली, ऐन उन्हाळ्यात. काकू मी तुमच्यावर रागावलेली नाही, मी पण लावली असती. पण परवाच्या निवेदनावर पहिली सही तुमची आहे म्हणून आठवण करून देतेय.

हे सगळं किती सोपं होतं ते आम्हाला नंतर कळलं. मेट्रोनिडॅझॉल, म्हणजे जुलाबाला देतात ती साधी गोळी, दोन चमच्यांमध्ये चुरडून ती पूड जखमेवर भुरभुरायची, दोन-तीन दिवसांत वास निम्म्यावर येतो. अळ्यांना टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा जवळ धरायचा, आपोआप बाहेर येतात. पट्टी सुकून चिकटली की ओढायची नाही, मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवायची. एवढंच. पैसे म्हणाल तर एका वडापावचे. पण हे आम्हाला दादा घरी होता त्या ४७ दिवसांत एका माणसाने सांगितलं नाही, कारण सांगणारा माणूसच आपल्या गावात नाहीये.

आणि दुखणं. ते वेगळं लिहायला पाहिजे. दादाला बोलता येत नव्हतं म्हणून भाचीची लहानपणीची पाटी काढली होती, तिच्यावर लिहायचा. पहिले दिवस लिहायचा दुखतंय. मग नुसतं दु. मग पेन्सिल पाटीवर आपटायचा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं, मग ट्रॅमाडॉल दिलं, त्याच्यावर काही असतं का विचारलं तर म्हणाले मॉर्फिन असतं पण मला ठेवता येत नाही, कायद्याचं लफडं आहे. माणूस चांगला आहे, मध्यरात्री पण आला, पण त्याच्याकडे नव्हतं ते नव्हतं. मेडिकलवाल्याला विचारलं तर त्याने असं बघितलं की मी गर्द मागायला आलेय.

आता मला माहितीय की अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा २०१४ ला बदललाय, मॉर्फिनसारखी अत्यावश्यक औषधं ठेवायला आधी चार-पाच लायसन्स लागायची, आता मान्यताप्राप्त संस्था झालं की एका परवानगीत काम होतं. वेदनेची पायरी-पायरीने औषधं द्यायची, शेवटच्या पायरीवर मॉर्फिन द्यायचं, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून सांगितलंय. अफू आपल्याच देशात पिकते, मंदसौर-नीमचला शेतं आहेत, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. आणि आमच्या दोन खोल्यांत एक एसटी ड्रायव्हर पाटीवर पेन्सिल आपटत होता.

भाची जिन्यात बसून अभ्यास करायची. गच्चीच्या दारापाशी बल्ब आहे ना, तिथे. तुम्ही बरेच जण येता-जाता बघायचात तिला. एकाने विचारलं पण, इथे का बसलीस गं.

शेवटी कुणीतरी नंबर दिला आणि आम्ही दादाला ११० किलोमीटरवर पुण्याकडच्या एका हॉस्पिसमध्ये नेलं. नाव लिहीत नाही, तिथल्या सिस्टर म्हणाल्या होत्या जाहिरात करू नका. तिथे दादा १९ दिवस राहिला आणि तिथेच गेला. एक रुपया घेतला नाही.

पहिल्या दिवशी सिस्टरने विचारलं दहापैकी किती दुखतंय. दादाने १० लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मॉर्फिनची गोळी कुटून नळीतून, दर चार तासांनी, झोपताना डबल म्हणजे मधे उठवायला नको, आणि सोबत पोट साफ व्हायची गोळी, कारण मॉर्फिनने पोट गच्च बसतं. तिसऱ्या दिवशी पाटीवर ३ आलं. त्याच दुपारी त्याने आपणहून लिहिलं, चहा. आता नळीतून चहा दिला तर पोटात जातो पण चव कुठे कळणार, तर त्या सिस्टरने आधी सिरिंजने नळीतून दिला आणि मग कापसाचा बोळा चहात बुडवून त्याच्या ओठाला आणि उरलेल्या जिभेला लावला, दोनदा, तीनदा. दादाने डोळे मिटले. मग पाटी मागितली आणि लिहिलं, साखर कमी.

त्या दिवशी आम्ही सगळे हसलो, दोन महिन्यांत पहिल्यांदा. पाटी अजून घरी आहे, पुसलेली आहे पण आहे.

वहिनी पहिल्या रात्री नऊ तास झोपली. जागी झाली ती घाबरून, आधी त्याच्या नाकापाशी हात नेऊन बघितलं.

अजून एक सांगते मग मुद्द्यावर येते. तिथे सोशल वर्कर होती, पोरगीच होती पंचवीस-सव्वीसची. ती रोज त्याच्याजवळ पाटी घेऊन बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं की दादाला रात्री झोप येत नाही ती दुखतं म्हणून नाहीच, त्याने लग्नाआधी केलेल्या दोन एफड्यांवर नॉमिनी अजून आईच होती, वहिनीचं नाव लावायचं राहून गेलं होतं आणि ते आता सांगायची लाज वाटत होती. मी पतसंस्थेत बसते, दिवसभर लोकांना नॉमिनीचा कॉलम भरा म्हणून ओरडते, माझ्या भावाला मी कधी विचारलं नाही. दोन दिवसांत फॉर्म आणून अंगठा घेऊन काम झालं. त्यानंतर तो झोपला. इंग्लंडमधल्या सिसिली सॉंडर्स नावाच्या बाईंनी १९६७ ला लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं, त्या आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झाल्या, त्यांचं म्हणणं असं की मरणाऱ्या माणसाचं दुखणं अंगाचं असतं तसंच पैशाचं असतं, नात्यांचं असतं, मनाला लागून राहिलेलं असतं, सगळं एकदम बघावं लागतं. मला हे त्या पोरीनेच सांगितलं. तेव्हा भाषण वाटलं होतं.

आता निवेदन. सहा मुद्दे आहेत त्यात, माझ्याकडे कॉपी आहे.

पहिला मुद्दा, लहान मुलांवर वाईट परिणाम होईल, नकारात्मक ऊर्जा येईल. कुठल्या मुलांवर? माझ्या भाचीने बापाचं विव्हळणं ऐकत जिन्यात बसून दहावी दिली, तिच्यावर काही परिणाम झाला नसेल असं वाटतं का तुम्हाला? तिला ६१ टक्के पडले. मी दादा गेल्यापासून कॉलनीत मोजलं, आपल्या चार विंगमध्ये दोन वर्षांत सहा माणसं घरात अंथरुणाला खिळून गेलीत, कुणी कॅन्सरने, कुणी लकव्याने, एक किडनीवाले आजोबा. त्या सहाही घरांत मुलं होती. मरण काही त्या सूतिकागृहातून उठून आपल्याकडे येणार नाहीये, ते दुसऱ्या मजल्यावर दार लावून बसलेलंच होतं.

दुसरा मुद्दा, इन्फेक्शन पसरेल. कॅन्सर लागट नसतो हे निवेदन लिहिणाऱ्या काकांना माहीत आहे, ते केमिस्ट्री शिकवायचे. ड्रेसिंगच्या कचऱ्याचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मी पण विचारणार आहे, ट्रस्टच्या आराखड्यात त्याबद्दल दोनच ओळी आहेत. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, पिवळी पिशवी लाल पिशवी, अधिकृत गाडी येऊन नेते. ती गाडी कधी येणार, पिशव्या तोवर कुठे ठेवणार, हे लिहून घ्या त्यांच्याकडून. ह्यात मी तुमच्या बाजूने आहे.

तिसरा, सारखी अँब्युलन्स आणि शववाहिका दारात. १२ बेडचं हॉस्पिस आहे हो. शेजारीच मंगल कार्यालय आहे, तिथे लग्नसराईत रात्री साडेअकरापर्यंत डीजे असतो, त्याबद्दल एक निवेदन गेलेलं मला आठवत नाही. आणि वैकुंठभूमीचा रस्ता आपल्याच कॉलनीवरून जातो, पन्नास वर्षं.

चौथा मुद्दा आहे फ्लॅटचे रेट पडतील. मला वाटतं हाच खरा आहे, बाकीचे त्याला मखर म्हणून लावलेत. तर ऐका. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, टाटा हॉस्पिटलमधले सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा ह्यांनी १९८६ ला सुरू केलं आणि ते आहे मुंबईत बांद्र्याला, माउंट मेरीपाशी. बांद्र्याला! तिथले फ्लॅट हॉस्पिसमुळे स्वस्त झालेत असं कुणी ऐकलं असेल तर मला पत्ता कळवा, मी लगेच बुक करते. त्यांचीच शाखा गोव्यात लोटलीला आहे, लोटली काही ओस पडलेली नाही. पुण्यात वारजेला सिप्ला ह्या औषध कंपनीचं असंच सेंटर १९९७ पासून आहे, त्याच्या आजूबाजूला काय बांधकामं उठलीत ते हायवेवरून जाताना बघा. उलट त्या बंद सूतिकागृहात आज काय आहे, कबुतरं, बाटल्या, आणि संध्याकाळनंतर कोण बसतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने रेट वाढतात वाटतं.

पाचवा, तिथे इंजेक्शन देऊन मारतात. हे निवेदनात "इच्छामरण केंद्र" असं सभ्य शब्दांत आहे पण व्हॉट्सॅपवर जे फिरलं ते असंच होतं. हॉस्पिसमध्ये मारत नाहीत आणि ओढूनताणून जगवत पण नाहीत. सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे तो वेगळा, आधीच लिहून ठेवता येतं की मला शेवटी व्हेंटिलेटरवर टाकू नका, २०२३ ला त्याची पद्धत जरा सोपी केली. त्याचा आणि दादाच्या चार तासांच्या गोळीचा काही संबंध नाही. दादा मॉर्फिन चालू झाल्यावर १९ दिवस जगला, त्यातले निदान १५ शुद्धीत, पाटीवर हिशेब लिहीत, वहिनीच्या चुका काढत.

सहावा मुद्दा वाचून मात्र मला राग आला. "आपल्या संस्कृतीत आई-वडिलांना घरीच सांभाळतात, अशी केंद्रं ही पाश्चात्त्यांची पद्धत." सांभाळतात कोण? माझ्या वहिनीने सांभाळलं. तिने ४७ दिवसांत कामावरची बिनपगारी रजा काढली, नंतर ते काम गेलं. प्रत्येक घरात एक बाई असते जी त्या काळात सरळ झोपलेली नसते, संस्कृतीच्या बाजूने सही करणाऱ्यांमध्ये तिचं नाव सापडत नाही, मी शोधलं. आणि पाश्चात्त्य म्हणाल तर केरळात १९९३ ला कोझिकोडला हे काम सुरू झालं, मग मलप्पुरमच्या बाजूला गल्लीतल्याच लोकांनी वर्गणी काढून, ट्रेनिंग घेऊन आळीपाळीने पेशंटकडे जायला सुरुवात केली, २००८ ला तिथल्या सरकारने धोरण केलं आणि आता पंचायतीची नर्स घरोघर जाते. ते लोक काय लंडनचे आहेत? भात-मासे खाणारी माणसं आहेत.

मला हे पण मान्य आहे की सगळ्यांना हॉस्पिसची गरज नसते. बऱ्याच जणांना घरीच बरं वाटतं आणि घरीच राहायला पाहिजे. पण त्यासाठी सुद्धा गोळी पाहिजे, नर्स पाहिजे, फोन केला तर उचलणारं कुणी पाहिजे, आणि आठवडाभर पेशंटला ठेवून घरच्यांना झोपू देणारी एक जागा पाहिजे. हॉस्पिसमधून बरेच पेशंट दुखणं आटोक्यात आलं की घरी जातात, हे तुमच्या मरणघर शब्दात बसत नाही.

आता सह्यांबद्दल. निवेदनावर ६८ सह्या आहेत. ३१ नंबरची सही माझ्या आईची आहे.

मला मुख्याधिकाऱ्यांच्या ऑफिसात कॉपी मिळाली तेव्हा कळलं. जोडाक्षर तुटकं, शेवटचं अक्षर ओळीखाली गेलेलं, ओळखली मी लगेच. घरी येऊन विचारलं तर म्हणाली दोघंजण आले होते, म्हणाले सूतिकागृहात पोस्टमॉर्टेमची खोली करतायत, कापाकापी होणार, लहान पोरं जातात त्या रस्त्याने, सही करा आजी. तिने केली. मी तिला सांगितलं की आई, दादाला जिथे नेलं होतं ना तसली जागा होणार आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, तो तर तिथेच झाला होता. म्हणजे सूतिकागृहात. खालच्या मजल्यावर डाव्या हाताची दुसरी खोली, पावसाळ्यात, लाइट गेलेले, सुईणबाईंनी कंदील धरला होता. मी पण तिथलीच, आपल्या नगरसेवकांमधले पण अर्धेअधिक तिथलेच असतील, जन्माच्या दाखल्यावर बघा.

आईला खोटं कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही, तिला पण नावं घ्यायची नाहीयेत, शेजार आहे. पण तिने सोबत वेगळं पत्र दिलंय की माझी सही काढून टाका. बाकीच्या ६७ मध्ये अशा किती आहेत ते तुम्ही विचारलंत का? चार मिनिटांत कसं विचारणार म्हणा.

नगरपरिषदेबद्दल माझ्या तक्रारी थोडक्यात अशा. आधीचा ठराव मंजूर असताना तो का थांबवला ह्याचं लेखी कारण नाही. ट्रस्टला बाजू मांडू दिली नाही. हरकतींची सुनावणी घेतली नाही, ना कॉलनीची ना आमच्यासारख्यांची. आणि सूतिकागृहाची जागा आरोग्यासाठी असताना गाळ्यांचा विषय त्याच दिवशी त्याच अजेंड्यावर कसा आला हे कुणी सांगत नाही. सभेत एक सन्माननीय सदस्य म्हणाले उपजिल्हा रुग्णालय आहे की, तिथे ठेवा. साहेब तिथे आम्ही नेलं होतं, दुसऱ्या दिवशी सांगितलं ह्यांच्यावर करण्यासारखं काही नाही, बेड अडतो. सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरवर म्हणाले ऑपरेशन बसतं, किमो बसते, नुसतं ठेवून घेणं बसत नाही. त्यांच्या जागी ते बरोबर असतील. म्हणूनच वेगळी जागा पाहिजे ना. केंद्राचा २०१२ पासून ह्याच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, ज्या सरकारी आरोग्य केंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात त्यांच्या सेवांच्या यादीत पण पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे हीच दुखणं कमी करायची सेवा, छापलेलं आहे. कागदावर कमी काहीच नाही.

माझ्या मागण्या ह्या आहेत.

विषय १४ पुढच्या सभेत परत घ्या आणि त्याची तारीख आधी जाहीर करा. मतदान हात वर करून घ्या, कोण कुठल्या बाजूला ते दिसू दे.

त्याआधी एक जाहीर सुनावणी सूतिकागृहाच्या आवारातच ठेवा, सभागृहात नको. झाडू मारून घ्या, पन्नास खुर्च्या टाका. ट्रस्टच्या डॉक्टरबाई, कॉलनीचे लोक आणि ज्यांच्या घरात असे पेशंट होऊन गेले ते, सगळ्यांना बोलू द्या.

६८ सह्यांची घरोघर जाऊन खात्री करा, प्रत्येकाला ठराव वाचून दाखवा आणि मग विचारा.

भाडेपट्ट्याच्या करारात अटी घाला, मला हरकत नाही, उलट घालाच. कचऱ्याची व्यवस्था, रात्री डॉक्टर फोनवर मिळण्याची सोय, तालुक्यातल्या पेशंटला फुकट, आणि फक्त कॅन्सर नाही तर किडनी, लकवा, म्हातारपणाने अंथरुणाला लागलेले हे पण. ट्रस्ट सध्या फक्त कॅन्सर म्हणतोय, ते मला पटलेलं नाही आणि त्यांना पण मी हे सांगितलंय.

नगरपरिषदेच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरला आणि दोन नर्सना ह्याचं ट्रेनिंग द्या, आणि आपल्या शहरात किमान एका ठिकाणी मॉर्फिन मिळेल ह्यासाठी मान्यतेचा अर्ज करायला लावा. सूतिकागृहाचं काहीही होवो, हे उद्यापासून सुरू करता येतं, ह्याला कुणाच्या फ्लॅटचा रेट आड येत नाही.

आणि ही जागा द्यायचीच नसेल तर कुठली देणार ते ३० दिवसांत लेखी सांगा. गावाबाहेर माळावर म्हणू नका. रात्री अडीच वाजता बायको चालत किंवा रिक्षाने जाऊ शकेल अशी जागा सांगा.

कॉलनीतल्या लोकांना एवढंच म्हणते की रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी सूतिकागृहाच्या गेटपाशी असेन, वहिनी पण येईल. ज्यांना काय विचारायचंय ते विचारा, आडून व्हॉट्सॅपवर नको. चहा मी करून आणणार आहे, साखर कमी.

सभेला आम्ही येतोच आहोत. आई पण यायचं म्हणतेय. तिला गॅलरीचा जिना चढवत नाही, तेव्हा खाली दाराजवळ तिच्यासाठी एक खुर्ची ठेवायला शिपाईमामांना सांगून ठेवा.

आपल्याच प्रभागातली एक मतदार
(सोबत : आईचं पत्र, निवेदनाची कॉपी, माझ्या आधीच्या अर्जाची पोच)